अर्ध्या उंचीचं कार्ड

३ मार्च, सोमवार

मेहुण्याचा फोन. चाळीस मिनिटं! मी त्याला काहीही विचारलं नव्हतं. हिने परस्पर भावाला सांगितलं की आमच्या टीव्हीखालच्या कॉम्प्युटरवर सिनेमे अडखळतात, आणि झालं, सल्लागार महाशय जागे झाले. "भावजी, ग्राफिक्स कार्ड टाका." जणू हा शोध यानेच लावला! आणि लगेच पुढे – "पण आत्ता नको. थोडं थांबा. भाव उतरतील." हा गृहस्थ सात वर्षं भाव उतरायची वाट बघत स्टुलावर बसून काम करतो. खुर्ची अजून घ्यायचीय.

अडचण साधी आहे. कॉम्प्युटर जुना. हल्लीच्या सिनेमांच्या फायली इतक्या दाट असतात की त्यातल्या चिपला त्या झेपत नाहीत. चित्र अडकतं, आवाज पुढे निघून जातो. ओठ हलतायत नि वाक्य कधीच संपलेलं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांना आवाज जुळवण्यात गेलं, आणि स्वतःच्या घरात हे बघायचं? स्वस्तातलं एक कार्ड बसवलं की प्रश्न मिटला. पण डबा चपटा, जाड शब्दकोशाएवढा. त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. हे मेहुण्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याने मलाच समजावून सांगितलं.

४ मार्च

डबा काखेत मारून दुकानात गेलो.

"गेम खेळता का, साहेब?"

"नाही. सिनेमे बघतो."

"मग हे न्या." – आणि काउंटरवर वीट ठेवली. तीन पंखे, भोवती रंगीत पट्ट्या. "याला लाइट आहे, साहेब. सात रंग."

"कपाटात ठेवायचंय. आत लाइट कुणाला दाखवू? झुरळांना?"

हसला. या लोकांना अपमान कळतच नाही, हेच यांचं भांडवल.

झाकण उघडून दाखवलं. मान वाकडी करून बघत म्हणाला, "याच्यात काही बसायचं नाही." मी म्हटलं, खालच्या खणात बघ. बघितलं. निघालं! दुकान याचं, आणि माल कुठे आहे ते मी सांगायचं. एक पंख्याचं – पंखा कोटाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. दुसरं बिनपंख्याचं, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्या. पण ते त्याच्याकडे फक्त चित्रात. "मागवावं लागेल. आठ दिवस." किंमत थोडीच जास्त.

विचार करतो म्हणून आलो.

५ मार्च

कार्डांवरची लोकांची मतं वाचली. उंटावरचे शहाणे! एकाने पाच तारे देऊन लिहिलंय – 'अजून पाकीट उघडलेलं नाही.'

७ मार्च, शुक्रवार

आमच्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत चहाच्या वेळी निवेदकाने कार्डाचा विषय काढला, मी दोन्ही कार्डांचं सांगितलं. तिथे इस्त्रीबाई होतीच.

हे नाव मीच ठेवलं. स्टुडिओत सगळे वापरतात, आता तिच्या तोंडावरसुद्धा. नऊ वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आली तेव्हा बाईला वायर गुंडाळता येत नव्हती. आज मालक तिला विचारून यंत्रं घेतात! कानामागून आली आणि तिखट झाली. वरच्या मजल्यावर नवी मिक्सिंगची खोली तयार होतेय, त्या खोलीवर तिचा डोळा आहे असं मला वाटतं. बोलत नाही. न बोलणारी माणसं जास्त लबाड. तिच्या हातात कुठलाही आवाज द्या, सगळ्या कडा दाबून, सपाट इस्त्री करून परत देते. माझ्या कामाला धार असते. धार! तिच्याकडे फक्त शेवटच्या प्रती काढून गिऱ्हाइकाला पाठवायचं काम आहे. पुडी बांधणं. तेवढं जमतं.

तर इस्त्रीबाई म्हणाली, "सर, बिनपंख्याचं घ्या. आठ दिवस थांबावं लागलं तरी चालेल. ते लहान पंखे शिट्टी मारतात. बारीक असते, पण डोकं उठतं."

मला! आवाजाबद्दल! एकतीस वर्षं या धंद्यात काढली मी. मागच्या वर्षी दोन खोल्यांपलीकडच्या फ्रिजची घरघर ऐकून सांगितलं होतं की याचा खालचा रबर गेलाय. मेकॅनिकने उघडून बघितलं – गेला होता!

म्हटलं, "बाई, तुमच्या सूचनेची नोंद घेतली." निवेदक हसला. ती कप धुवायला उठली.

उद्याच्या उद्या पंख्याचं आणतो.

८ मार्च, शनिवार

आणलं. बसवलं. कार्डाची लांब पट्टी काढून आखूड पट्टी लावायची, त्यासाठी दोन इवलेसे स्क्रू. एक सोफ्याखाली गेला. मुलीने शोधून दिला. आमची चिमणी सोळा वर्षांची आहे, शोधाशोधीत तरबेज, अभ्यास सोडून.

चित्र लोण्यासारखं! चेहऱ्यावरचा घाम मोजता येईल. ओठ नि आवाज चिकटलेले. कपाटाच्या जाळीला कान लावला – काही नाही. ठार शांतता.

आठ दिवस थांबा म्हणे. शिट्टी म्हणे!

९ मार्च, रविवार

सगळ्यांना बसवून सिनेमा लावला. दिवे बंद, पडदे ओढलेले. दहा मिनिटांत चिमणी – "बाबा, ही शिट्टी कसली वाजतेय?"

"कसली शिट्टी?"

"कपाटातून. ईईई… अशी. सारखी."

म्हटलं, दिवसभर कानात गाणी कोंबून बसलं की शिट्ट्याच ऐकू येणार. मग हिला विचारलं. हिने टीव्हीवरची नजर काढली नाही. "मला नाही बाई काही ऐकू येत."

ऐका! पंचावन्न वर्षांच्या बाईला नाही येत आणि सोळा वर्षांच्या पोरीला येते. नखरे, दुसरं काही नाही. सिनेमा संपायच्या आत चिमणी उठून गेली. ही शेवटपर्यंत बसली. नंतर डोकेदुखीची गोळी घेतली. चष्म्याचा नंबर वाढला असणार. सांगून ऐकते कुठे.

११ मार्च

चिमणी आता बाहेरच्या खोलीत जेवायलाही बसत नाही. ताट घेऊन आत जाते. निषेध! हिला म्हटलं, पोरीला जरा बोल. ही म्हणाली, "राहू द्या हो. वय आहे."

वय! माझ्या वडिलांसमोर मी ताट उचलून गेलो असतो तर ताट तिथेच राहिलं असतं, मी बाहेर.

१३ मार्च

इस्त्रीबाई आठ दिवस रजेवर. तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. स्टुडिओत किती मोकळं वाटलं!

१४ मार्च, शुक्रवार

पक्ष्यांवरच्या माहितीपटाचं काम पुरं केलं. पाणथळीतली पहाट, सगळीकडून किलबिल. मूळ ध्वनिमुद्रण एकदम मिळमिळीत. कोण मुलं हल्ली माइक धरतात देव जाणे. पक्षी जणू गोधडीत गुंडाळलेत. मी वरचे सूर उचलले, चांगले सढळ हाताने. निवेदनालाही धार आणली. आता वाटतं की पहाट आहे.

पुडी बांधणारी नाही, म्हणून प्रतीही मीच काढल्या आणि पाठवून दिल्या. अर्ध्या तासाचं काम. ही बाई त्याला दोन-दोन दिवस लावते!

१६ मार्च, रविवार

मेहुणा सहकुटुंब. कार्ड बघायला आला म्हणे. कार्ड काय, सून आहे का बघायला यायला?

बसल्या बसल्या त्याची बायको – "तुमच्याकडे डास फार आहेत का हो? कानाशी गुणगुणतंय काहीतरी." चिमणी माझ्याकडे बघून हसली. मेहुण्याला जोर चढला. जाळीला कान लावून म्हणतो, "भावजी, पंखा आहे हा. बदलून घ्या. मी म्हटलं होतं थांबा."

मी म्हटलं, "तुम्ही भाव उतरायला थांबा म्हणाला होतात. शिट्टीसाठी नाही."

सगळं एका घराण्याचं कारस्थान. बहीण तेवढी माझ्या बाजूने – ही चहा ओतता ओतता म्हणाली, "मला तर काही जाणवत नाही." पण म्हणताना भावजयीकडे असं काही बघितलं की ती एकदम गप्प झाली. नंतर कोणी शब्द काढला नाही. पाच मिनिटांत सगळे हवापाण्यावर आले.

मला हे गप्प बसणं आवडलं नाही. वाद घालणारा मूर्ख परवडतो, समजूत घालणारा नाही.

१९ मार्च, बुधवार

माहितीपट परत आला! परत! एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दिग्दर्शिका स्वतः आली होती. वयाने माझ्या निम्मी. मालकांच्या खोलीत, माझ्यासमोर – "पक्षी किंचाळतायत. निवेदकाचा प्रत्येक स आणि श सुईसारखा टोचतो. आमच्याकडे दोघांनी हेडफोन काढून ठेवले."

मी म्हटलं, पक्षी किंचाळणार नाहीत तर काय व्याख्यान देणार? तुमच्या स्पीकरची तपासणी करून घ्या. ती म्हणाली, तीन ठिकाणी ऐकलं. मी म्हटलं, तीनही स्वस्त असतील.

मालक माझी बाजू घेतील असं वाटलं. नाही घेतली. टेबलावरच्या पेनाशी खेळत म्हणाले, "सोमवारी ती रजेवरून आली की बघेल." ती बघेल! माझं काम!

"आतापर्यंत असं कधी झालं नव्हतं ना," असं दिग्दर्शिका जाताना म्हणाली. "म्हणून तर आम्ही तुमच्याकडे येतो."

गाढवाला गुळाची चव काय.

२१ मार्च

डोकं भणभणतंय. घरी आलो तर चिमणीने कपाटावर दोन उश्या टेकवून ठेवलेल्या. जाळीवर! आतलं कार्ड तापून मेलं असतं. आवाज चढवला, तशी रडत म्हणाली, "मग मी इथे बसूच नको का?"

ठरलं. स्टुडिओतला मोजणीचा माइक उद्या घरी आणतो. आवाज आहे की नाही ते माइक सांगेल. माइकला मामा-मामी नसतात. एकदाची सगळ्यांची तोंडं बंद.

२२ मार्च, शनिवार

सकाळी आणला. तिघांना बाहेरच्या खोलीत उभं केलं – म्हणजे ही, चिमणी आणि मुद्दाम बोलावलेला मेहुणा. दारं-खिडक्या बंद. लॅपटॉपवर आलेख लावला. समजावून सांगितलं – डावीकडे खालचे, घोगरे आवाज, उजवीकडे बारीक. जिथे आवाज असेल तिथे रेघ वर उठेल. नसेल तर सपाट.

डावीकडे फ्रिजचं छोटं टेकाड. ते मला ऐकूही येत होतं. मधे सपाट. आणि उजवीकडे, सहा हजार हर्ट्झच्या पुढे – मनोरा. एकच बारीक, उंच मनोरा. हलत नव्हता.

माइक बिघडला म्हणालो. वायर बदलली. मनोरा तिथेच. कॉम्प्युटर बंद केला. मनोरा गेला. चालू केला. आला.

झाकण काढलं. पंख्यावर बोट टेकवून तो थांबवला. रेघ खाली. बोट काढलं. रेघ वर. परत टेकवलं. परत काढलं. किती वेळा केलं ते आठवत नाही. बोटाला पंख्याचा वारा लागत होता. कानाला काही नाही. कान पंख्याच्या इतका जवळ नेला की पातं कानाच्या पाळीला लागलं.

काही नाही.

मेहुण्याकडे प्रत्येक गोष्टीवर सल्ला असतो, आणि तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. चिमणी जवळ आली. "बाबा, तुला खरंच येत नाही? मला वाटलं तू मुद्दाम करतोस."

मग हळूच – "आईला पण येतो आवाज. ती म्हणाली, बोलू नकोस."

ही स्वयंपाकघरात निघून गेली होती.

२३ मार्च

टीव्ही लावला नाही. कोणी लाव म्हणालंही नाही.

२४ मार्च, सोमवार

स्टुडिओत एक तास लवकर गेलो. कोणी नव्हतं. माझी जुनी कामं काढली. पूर्ण झालेल्या कामाकडे मी कधी वळून बघत नाही, तो माझा अभिमान होता. गेल्या सहामाहीतलं एक उघडलं. माझ्या फायलीशेजारी त्याच नावाची दुसरी फाइल. नंतरच्या तारखेची. गिऱ्हाइकाला गेलेली प्रत दुसरीवरून काढलेली.

दोन्ही आलेखावर टाकून बघितल्या. आता कानावर कोण विश्वास ठेवणार? खालचा भाग तंतोतंत माझा. मधला माझा. फक्त वरचे सूर उतरवलेले. सरसकट नाही – जिथे जिथे स, जिथे जिथे पक्षी, भांडी, काच, तिथे तिथे, एकेक करून. दोन-दोन दिवसांचं काम!

आणखी मागे गेलो. सगळीकडे दोन फायली. पार तीन वर्षांपूर्वीच्या एका कामाशी येऊन एकच फाइल सापडली. माझी एकट्याची.

रजा संपवून ती आली. पडद्यावर काय आहे ते बघितलं आणि पर्स खाली न ठेवताच उभी राहिली.

"मालकांना माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. कोणालाच नाही."

"मला का नाही सांगितलं?"

तिने पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "एकदा सांगितलं होतं, सर. तीन वर्षांपूर्वी. म्हटलं होतं, वरचे सूर जरा टोचतायत. त्या दिवशी तुम्ही माझं नाव ठेवलंत."

मला आठवेना. अजून आठवत नाही. इतकी हलकी गोष्ट होती माझ्यासाठी!

"मग करत का राहिलात?"

"खालचे आवाज तुमच्यासारखे कोणाला लावता येत नाहीत, सर. पाऊल पडलं की लाकूड कळतं. मला नाही जमत ते. वरचं तेवढंच काम होतं." आणि मग – "वायर गुंडाळायला तुम्हीच शिकवलं होतंत."

आईच्या डोळ्यांचं विचारलं. म्हणाली, दिसायला लागलंय. नऊ वर्षांत तिच्या घरचं मी पहिल्यांदाच काही विचारत होतो.

२५ मार्च

मालकांना सांगितलं. सगळं. तीन वर्षं कोणी काय केलं तेही. वरची खोली तिला द्या म्हटलं. ते म्हणाले, "आणि तुम्ही?" म्हटलं, तिने ठेवलं तर शेजारी बसेन. खालचं मी बघेन.

पक्षी तिने संध्याकाळपर्यंत नीट केले. शेजारी बसून ऐकले. मला पुन्हा गोधडीतलेच ऐकू आले. ऐकायला आलेली दिग्दर्शिका मात्र डोळे मिटून हसत होती.

जेवणाच्या सुट्टीत निवेदक दारातून ओरडला, "इस्त्रीबाई, चहा?" मी त्याला तिचं खरं नाव सांगितलं. त्याला माहीतच नव्हतं!

२६ मार्च

दुकानात जाऊन बिनपंख्याचं कार्ड मागवलं. दुकानदार म्हणाला, "काय साहेब, आवाज करतं का?"

"करतं म्हणतात."

पहिलं परत घेईन म्हणाला. इतका वाईट माणूस नाही.

२८ मार्च, शुक्रवार

कान तपासायला दवाखान्यात गेलो. ही बरोबर आली. टेबलामागच्या बाईने माझं नाव कॉम्प्युटरमध्ये शोधलं आणि म्हणाली, "अरे वा, या वेळी आलात! याआधी चार वेळा तुमच्या नावाने वेळ घेऊन रद्द केलीय." मी म्हटलं, चूक होतेय, मी कधीच घेतली नाही. तिने तारखा वाचून दाखवल्या. पहिली तीन वर्षांपूर्वीची.

ही पायाकडे बघत होती.

"मला सांगायचंस तरी," मी म्हटलं.

"चारही वेळा तुम्हाला सांगायलाच आले होते. पण तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला पाठ होतं."